पत्रात सर्व काही नमूद केले आहे

प्रति,
माननीय परिपत्रककार महोदय,
(नाव लिहीत नाही, कारण तुमच्या पत्राखालीही ते नसतं. 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता' एवढंच असतं आणि त्यावर एक जिलबी.)

विषय: तुमच्या पत्रामुळे गेटबाहेर अडकलेल्या आमच्या गाड्या, आणि शनिवारी माल उतरवून घेण्याची वेळ

स. न. वि. वि.

विषयाच्या जागी विषयच लिहिलेला पाहून तुम्ही दचकला असाल. तुमच्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: 'महत्त्वाची सूचना'. बिलं पाठवायचा पत्ता बदलला, महत्त्वाची सूचना. दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा, महत्त्वाची सूचना. सुरक्षा सप्ताहात कुणीतरी घोषवाक्य स्पर्धा जिंकली, तीही महत्त्वाची सूचना. आमच्या ऑफिसात आता चहा सांडला तरी पोऱ्या ओरडतो, "महत्त्वाची सूचना!" त्यामुळे ज्या दिवशी तुम्ही खरोखरच काही महत्त्वाचं कळवलंत, त्या दिवशी ते आम्ही दिवाळीच्या शुभेच्छांशेजारी ठेवून दिलं.

मी रोडपालीत राहते आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका लहानशा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसते. बिल्टी करणं, ई-वे बिल काढणं, काट्याच्या पावत्या लावून ठेवणं, हॉल्टिंगवरून, म्हणजे गाडी अडकून राहिल्याच्या भाड्यावरून, पार्ट्यांशी भांडणं आणि ड्रायव्हरांचे फोन घेणं ही माझी कामं. म्हणजे कागद हाच धंदा. शिवाय आमच्या या पट्ट्यातल्या लोकांनी कागद वाचायचं शिक्षण फार महागात घेतलंय. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमिनी गेल्या, 1984च्या जानेवारीत उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. त्यातून सामाजिक सुविधांचे पावणेचार टक्के वजा होऊन हातात पावणेनऊ पडतात, हे इथल्या गावांतली कुठलीही आजी तुम्हाला चष्मा न लावता सांगेल. मथळा एक आणि मजकूर दुसरा, याची आम्हाला सवय आहे. तरी तुम्ही आम्हाला चकवलंत, म्हणून हे जाहीर कौतुक.

तुमचं ते दोन पानी पत्र मी जपून ठेवलंय. पहिल्या परिच्छेदात कंपनीची गौरवशाली वाटचाल. दुसऱ्यात सुरक्षितता ही आपली संस्कृती. तिसऱ्यात तुम्ही मुद्द्यावर येताय असं वाटलं, कारण वाक्य असं सुरू झालं होतं: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आस्थापनेतील अंतर्गत मालवाहतूक व्यवस्थेच्या सुसूत्रीकरणाच्या अनुषंगाने काही बदल प्रस्तावित असून, सर्व संबंधितांनी त्याबाबत योग्य ती दक्षता घ्यावी.' मी नखशिखान्त संबंधित आहे. माझ्या गाड्याही संबंधित आहेत. पण दक्षता कसली घ्यायची? हेल्मेट घालून टेबलाशी बसू का?

मग पान उलटलं. दुसऱ्या पानावर, कँटीनमधल्या प्लास्टिकबंदीच्या खाली आणि 'आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार'च्या वर हे सापडलं: 'तसेच, मुख्य प्रवेशद्वाराचे नूतनीकरण विचारात घेता, मालवाहू वाहनांना पुढील आदेशापर्यंत पर्यायी प्रवेशद्वारातून, विहित वेळेत व सुधारित प्रवेशपत्राच्या अधीन राहून प्रवेश अनुज्ञेय राहील.' 'तसेच'ने सुरू होणाऱ्या वाक्यात गाड्यांचं नशीब लिहिलंय हे कुणाच्या लक्षात येणार? विहित वेळ कोणती, ते परिशिष्ट 'ब'मध्ये पाहायचं होतं. परिशिष्ट 'ब' जोडलेलं नव्हतं. 'अ' होतं. त्यात संचालकांचा फोटो होता.

सोमवारी आमच्या गाड्या नेहमीसारख्या पुढच्या गेटला लागल्या. वॉचमन म्हणाला, मागे जा. वळसा घालून मागे पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. तिथला वॉचमन म्हणाला, आता उद्या. दुसऱ्या दिवशी गाड्या पहाटेच रांगेत लागल्या, तेव्हा त्याने विचारलं, नवा पास कुठाय? तो पास कुठे मिळतो हे पत्रात होतं का? होतं ना. 'संबंधित विभागाशी संपर्क साधावा' असं होतं. इकडे कॉइल भरलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला, ड्रायव्हर गाडीखाली चटई टाकून आडवे, ई-वे बिलाची मुदत सरत चाललेली आणि आमचे शेठ मला विचारतायत, तू पत्र वाचलं नव्हतंस का?

त्यातल्याच एका ड्रायव्हरने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. मागच्या गेटच्या केबिनच्या काचेवर खोक्याचा फाडलेला पुठ्ठा सेलोटेपने चिकटवलेला, आणि त्यावर निळ्या बॉलपेनने गिरवून गिरवून जाड केलेली अक्षरं: 'सोमवारपासून मालगाडी इकडूनच. 11 च्या आत. नवीन पास पाहिजे. पास मिळेल मेन गेट खीडकी 2.'

खिडकीची वेलांटी चुकलीय. बाकी काहीही चुकलेलं नाही. कुठून यायचं, किती वाजेपर्यंत, काय घेऊन, आणि ते नसेल तर कुठे मिळेल, सगळं आलं. ट्रकच्या केबिनमधून, इंजिन चालू असताना, खाली न उतरता वाचता येईल एवढं मोठं. कुणासाठी लिहायचंय आणि तो माणूस ते कुठे बसून वाचणार आहे, याचा विचार पेन उचलण्याआधी झालेला दिसतो. तुमच्या कंपनीतला सर्वांत चांगला पत्रलेखक बारा-बारा तास गेटवर उभा असतो आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही. त्याने ते तीन नियम कुठून शोधून काढले कोण जाणे. तुमच्या पत्रातून काढले असतील तर तो संशोधकही आहे.

यानंतर मी तुम्हाला फोन केला. आवाज चढलेला होता, नाकारत नाही. तुम्ही मात्र अतिशय शांतपणे म्हणालात, "मॅडम, पत्रात सर्व काही नमूद केलेलं आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तोवर मी इतरांसारखीच समजत होते, की यांना पत्र लिहिता येत नाही. आखणी नाही, मांडणी नाही, मनात येईल तसं लिहितात. छे! एवढं आखीव-रेखीव पत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. फक्त ते वाचणाऱ्याने काही करावं म्हणून आखलेलं नाही, उद्या काही बिघडलं तर लिहिणाऱ्याला बोट दाखवता यावं म्हणून आखलेलं आहे. गेटचं वाक्य दुसऱ्या पानावर का? कारण पहिल्या पानावर असतं तर लोकांनी लगेच फोन करून विचारलं असतं, की पास कुठे मिळणार, आणि तो विभाग तेव्हा ठरलाच नव्हता. वाक्यांना कर्ता का नाही? 'कळविण्यात येते', 'अनुज्ञेय राहील', 'प्रस्तावित आहे'. कोण कळवतंय, कोण परवानगी देतंय, कुणाचा प्रस्ताव? कर्ता आला की त्याचा फोन नंबर येतो, आणि नंबर आला की मी येते. 'सर्व संबंधित' का? कारण नावानिशी पाच जणांना लिहिलं तर सहावा विचारतो, मला का नाही. तुमच्या प्रत्येक ढिसाळ वाटणाऱ्या ओळीमागे असं चोख कारण आहे.

एक मात्र मान्य करते, हे एकट्याचं काम नाही. तुमचा मसुदा चार-पाच टेबलांवरून फिरत असणार. कायदेवाला 'अधीन राहून' घालतो, सुरक्षावाला संस्कृती घालतो, कँटीनवाला म्हणतो पत्र जातंच आहे तर माझंही प्लास्टिक टाका. घालतात सगळे, काढत कुणी नाही. शेवटी साहेब पहिला परिच्छेद वाचतात, त्यात आपली वाटचाल दिसते, सही करतात.

आता तुम्ही म्हणाल, व्यवहाराची भाषा अशीच असते, पूर्वापार चालत आलेली. पूर्वापार? मग जरा मागे जाऊ. पेशवाईतलं कुठलंही जुनं पत्र काढा. सुरुवातीला 'अखंडित लक्ष्मी आलंकृत राजमान्य' अशी मोठी आरास असते, तुमच्या वाटचालीइतकीच लांब. पण ती ठरलेली असते, मग इकडचं कुशल, तिकडचं कुशल, आणि मग येतो एक शब्द: 'विशेष'. कारकुनाची नजर थेट तिथे जायची, कारण काम तिथून सुरू व्हायचं. मजकूर संपला की लेखनसीमा, शेवटी मोर्तब, म्हणजे खाली कुणी एक ओळही घुसवायला नको. पत्र हातात पडलं की ज्याला आलं तो त्यावर पोचल्याची तारीख टाकायचा. कुठे सुरू, कुठे संपलं, कधी पोचलं, तिन्ही गोष्टी पक्क्या. ही शिस्त घोड्यावरून पत्रं जायची तेव्हाची.

आपण रायगडाचं नाव लावणाऱ्या जिल्ह्यात राहतो, म्हणून त्या गडाच्या राजाचंच एक उदाहरण देते. चिपळूणजवळ हलवर्ण्याला घोडदळाची छावणी होती आणि शिवाजी महाराजांनी तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पत्र पाठवलं होतं. विषय कोणता? घोड्यांची वैरण. तुमच्या मालवाहतूक व्यवस्थेपेक्षा फार भारदस्त नव्हे. पण मांडणी बघा. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणा-गवत आत्ताच उधळलंत तर पुढे मिळणार नाही. मिळालं नाही की घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुमचे लोक गावात शिरून कुणब्याचा दाणा, पेंढा, भाजी ओरबाडतील, आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील. म्हणून रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, जे हवं ते बाजारातून पैसे देऊन घ्या. पुढे आगीची ताकीद आहे, आणि तिथे तर लिहिणाऱ्याने छावणीत शिरून पाहिलंय असं वाटतं. कुणी चूल पेटवेल, कुणी चिलीम ओढेल, रात्री दिवा तसाच राहील, उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. 'अग्निसुरक्षेबाबत योग्य ती दक्षता घ्यावी' असं लिहून हात झटकले असते तर कोण काय बोलणार होतं? पण उंदीर लिहिला. उंदीर वाचल्यावर कुठला हवालदार दिवा जळता ठेवून झोपेल?

राज्यकर्त्यांचं सोडा, ते मोठे लोक. बाजारातलं घेऊ. हुंडीचा कागद केवढासा. कुणी, कुणाला, किती, कधी द्यायचे. दर्शनी असेल तर दाखवल्याबरोबर, मुदती असेल तर अमुक दिवसांनी. रकमेत कुणी शून्य वाढवू नये म्हणून रक्कम लिहून तिची निम्मीही लिहायची: हजार, त्याचे निम्मे पाचशे, त्यांची दुप्पट. हुंडी हरवली तर पेठ, म्हणजे दुसरी प्रत, आणि पेठही हरवली तर परपेठ, म्हणजे तिसरी. लिहिणारा पुढच्या घोटाळ्यांचा विचार आधी करून ठेवायचा, पण तो घोटाळा होऊ नये म्हणून. तुम्हीही पुढच्या घोटाळ्यांचा विचार आधी करता, फक्त घोटाळा झाल्यावर आपण कुठे उभे असू एवढाच. पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली असं सांगतात. दोन मोती गळाले, इतक्या मोहरा हरपल्या, रुपये-खुर्द्याची तर मोजदादच नाही. त्या सावकाराला एवढा मोठा पराभव एका ओळीत बसवता आला. तुम्हाला एक गेट दोन पानांत बसवता आलं नाही.

आमच्या धंद्यातले आजचे कागदही काही वाईट नाहीत. ई-वे बिलाला कुणी साहित्य म्हणणार नाही, पण माल कुणाचा, कुठून कुठे, गाडी कोणती आणि कधीपर्यंत चालेल हे रस्त्यात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळतं. 200 किलोमीटरला एक दिवस, संपला विषय. काट्याची पावती त्याहून लहान. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, गाडी नंबर, वेळ. काटेवाल्याने त्यावर आपली गौरवशाली वाटचाल कधी छापलेली नाही.

आणि तुमच्यासारख्या पत्रांचं नुकसान गेट आणि पासापुरतंच राहतं असं समजू नका. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 1977च्या सप्टेंबरमध्ये एका अणुवीज केंद्रात ऑपरेटरांनी भट्टी थंड ठेवणारं आणीबाणीचं पाणी वेळेआधी बंद केलं. थोडक्यात निभावलं. अणुभट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या एका अभियंत्याने 1978च्या फेब्रुवारीत अंतर्गत पत्र लिहून बजावलं, की ऑपरेटरांना सूचना बदलून द्या, नाहीतर पुढच्या वेळी गाभा उघडा पडेल. ते पत्र टेबलाटेबलांवरून फिरलं. ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका अधिकाऱ्याने त्यावर आणखी एक पत्र काढलं, त्यात इशाऱ्याचा झाला प्रश्न, आणि ज्यांच्याकडे तो गेला त्यांना ती नेहमीची विचारपूस वाटली. ऑपरेटरांपर्यंत काहीच पोचलं नाही. 28 मार्च 1979 ला पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडला ऑपरेटरांनी नेमकी तीच चूक केली आणि भट्टीचा गाभा अर्धामुर्धा वितळला. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगापुढे मग ही सगळी पत्रं ओळीने बाहेर आली. तिथेही पत्रांत सर्व काही नमूद होतं, महोदय. तुमच्याकडे अणुभट्टी नाही, हे पनवेलकरांचं भाग्य.

तर पुढचं पत्र लिहाल तेव्हा एवढं करा. संगणक उघडायच्या आधी स्वतःला विचारा, की हे वाचून नेमकं कोण काय करणार आहे. उत्तर येईना, तर पत्र लिहू नका. वाटचाल सुचत असेल तर ती स्मरणिकेसाठी ठेवा. उत्तर आलं, तर तेच पहिलं वाक्य, आणि तेच विषयाच्या ओळीत. माझ्या मोबाइलवर तुमच्या मेलच्या दोनच ओळी दिसतात आणि मी त्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात बिल्टी धरून वाचते. त्या दोन ओळींत 'आपणांस विदित आहेच' लिहिलंत तर जे विदित नाही ते उरलंच. तारीख लिहाल तिथे वारही लिहा, ड्रायव्हर वारावर चालतात. गेटच्या पत्रात गेट, कँटीनच्या पत्रात कँटीन. खाली एका जिवंत माणसाचं नाव आणि तो उचलतो असा नंबर. आणि परिशिष्ट असेल तर ते जोडलंय का, हे पाठवायचं बटण दाबण्याआधी एकदा बघा. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं, तुम्हाला सांगतेय.

वाईट बातमी असेल तर आधी दोन ओळी गोड बोललात तरी चालेल, माणुसकी म्हणून. पण दोनच. गेल्या खेपेला भाड्याचे दर कापलेत तेव्हा दीड पान 'दीर्घकालीन भागीदारी' होती. आता आमच्या ऑफिसात तुमच्या पत्रात भागीदारी दिसली की शेठ आधी कॅल्क्युलेटर मागवतात.

मसुदा साहेबांकडे न्यायच्या आधी एक चाचणी सुचवते, फुकट आहे. तो मागच्या गेटवर न्या. वॉचमनना वाचून दाखवा आणि विचारा, यावरून तुम्ही पुठ्ठ्यावर काय लिहाल? ते लिहितील तेच पाठवा. वेलांटी मी दुरुस्त करीन.

आता कामाचं. परवा तुमचं नवं पत्र आलं. विषय: 'सुधारित महत्त्वाची सूचना'. त्यात शनिवारच्या वेळेत 'अंशतः बदल' केला असून तपशील परिशिष्ट 'क'मध्ये आहे असं म्हटलंय. परिशिष्ट 'क' या वेळी जोडलंय, प्रगती आहे. पण ते उघडत नाही. आमच्या गाड्या शुक्रवारी रात्री भरायच्या आहेत. शनिवारी मागचं गेट किती वाजेपर्यंत माल घेईल, तेवढं शुक्रवारी दुपारी 4 च्या आत कळवा. नुसता आकडा पुरे.

आपली संबंधित,
ट्रान्सपोर्ट ऑफिसातली मॅडम
रोडपाली, ता. पनवेल, जि. रायगड

सोबत: सोमवार-मंगळवारच्या हॉल्टिंगचं बिल, एक पान. (जोडलेलं आहे.)